मेंढरांत राहिलेली पामेरियन

तात्या,

१. मंगळवारी सकाळी आईचा फोन आला. दारात दूधवाला आला म्हणून कुत्री भुंकायला लागली, भुंकता भुंकता आडवी झाली आणि तिची जीभ निळी पडली.

२. मी फोनवर सांगत गेले तसं आईनं तिला सावलीत गार फरशीवर ठेवलं आणि मान सरळ धरली. मी कवठे महांकाळला पोचले तेव्हा ती उठून बसली होती, पण प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जात होतं.

३. तिला आणि आईला सांगलीला माझ्या दवाखान्यात आणलं, ऑक्सिजन दिला, एक्स-रे काढला. छातीच्या तोंडाशी श्वासनलिका जवळजवळ पूर्ण चपटी झाली आहे. हृदय वाढलेलं आहे.

४. मी आईला सांगितलं की आता औषधानं फार काही होणार नाही, इंजेक्शन देऊन तिला सोडवावं.

५. आई नाही म्हणाली. मग म्हणाली, देवाला कौल लावू.

६. आई कुत्रीला घेऊन गावी परत गेली. कौल रविवारी आहे.

घडलं ते एवढंच. पण एवढ्यावर तुम्हाला काही ठरवता येणार नाही, म्हणून बाकीचं लिहिते. तुम्ही गेलात तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. अजून आहे, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. मेंढरांमागची आपली कुत्री आठ-दहा वर्षांत थकायची आणि तुम्ही सगळ्या कुत्र्यांचं आयुष्य तेवढंच धरायचात. ही जात लहान असते आणि लहान जाती जास्त जगतात. तुम्ही तिला नाव ठेवलं नाही. आई तिला ‘बाय’ म्हणते, मी दवाखान्याच्या कागदावर ‘आईची पामेरियन’ असं लिहिते. आपल्याकडं झुपकेदार पांढरं कुत्रं दिसलं की त्याला पामेरियन म्हणतात. बहुतेक ते स्पिट्झ असतं, पामेरियनहून मोठं आणि लांब तोंडाचं. ही मात्र खरोखर पामेरियन आहे. ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि सुट्टीत मी तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही म्हणालात, “म्हंजे आदी खोटी हुती व्हय?”

ती आली त्या वर्षी आपली मेंढरं कोरेगावच्या बाजूला होती. मी शाळेच्या सुट्टीत तळावर आले होते. ऊस गेलेल्या एका रानात तुम्ही मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं रानात बसायची, जमिनीला लेंड्यांचं खत मिळायचं आणि शेतकरी त्याबद्दल ज्वारी द्यायचा. ते रान एका निवृत्त सुभेदाराचं होतं. त्याच्या पडवीत एक पामेरियन व्याली होती आणि पिल्लं त्याच्या बुटांवर निजत होती. तळ उठायच्या दिवशी तो ज्वारीच्या पोत्याबरोबर एक पिल्लूही घेऊन आला.

“घेऊन जावा, पाव्हणं. आमच्या मॅडमनी चार सांभाळलीत. मला आता घरात अर्जी देऊन पाय ठेवावा लागतोय.”

तुम्ही पिल्लू तळहातावर घेतलं, उलटं करून पोट बघितलं, तोंड उघडून दात बघितले, कोकरू बघतात तसं.

“सुभेदारसाहेब, ह्याला कुत्रं म्हणायचं का उंदीर?”

“लांडगा आला तर कळंल.”

“लांडगा हसून मरंल, आणि काय.”

तरी तुम्ही ते घोंगड्याच्या खोळीत ठेवलंत. त्या दिवशीची संपूर्ण चाल ते तुमच्या पाठीवरून खाली बघत भुंकत होतं: मेंढक्यांवर, झाडांवर, मोटरसायकलींवर आणि शेवटी आपल्याच घोड्यावर. मी तुमच्या मागून चालत होते आणि मला खोळीतून बाहेर आलेले फक्त दोन कान दिसत होते. ही जात मूळची बर्फाच्या मुलखातली. तिचे पूर्वज गाड्या ओढणारे, मोठ्या अंगाचे. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून अंग लहान केलं, स्वभाव मोठ्या कुत्र्याचाच राहिला. आपण लहान आहोत हे तिला ठाऊक नसतं. त्यामुळं तिच्या मालकाला दोन गोष्टी पाळाव्या लागतात. तिला मोठ्या जनावरापुढं जाऊ द्यायचं नाही आणि ती भुंकते त्यातलं खरं कुठलं आणि उगीचचं कुठलं, ते ओळखायला शिकायचं. हे मी आता रोज कुणाला तरी सांगते. तेव्हा आपल्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला तुम्ही मोठ्या कुत्र्यांत सोडलंच नाही. ती कोकरांभोवती लावलेल्या जाळीच्या आत, कोकरांत राहायची. कोकरं एकमेकांना चिकटून निजत आणि ती मधोमध. सकाळी कोकरं आयांकडं सोडली की तीही त्यांच्याबरोबर पळत सुटायची आणि मेंढ्यांच्या पायांत जाऊन भांबावून उभी राहायची.

पुढच्या उन्हाळ्यातली कातरणी मला सगळ्यात स्वच्छ आठवते. आपण सगळे घरी होतो. मेंढरं ओढ्यावर धुऊन आणलेली, वाळलेली. तुम्ही अंगणात पोत्यावर बसला आहात, एकेक मेंढरू आडवं पाडता, पाय बांधता, आणि कातर पोटापासून पाठीकडं अशी चालते की लोकर अख्ख्या चादरीसारखी उतरते. आई लोकर झाडून ढिगावर टाकते आहे. शेवटचं मेंढरू सुटतं. तुम्ही कपाळ पुसता आणि सावलीला जीभ काढून पडलेल्या कुत्रीकडं बघता.

“हिचंबी वझं उतरवू. बघ कशी धापा टाकती.”

“आवं, ती काय मेंढरू हाय का?” आई म्हणते.

“मग लोकर कशाची हाय?”

तिचे पाय तुम्ही बांधले नाहीत. मांडीवर घेतलीत, कानात काहीतरी बोललात आणि पाठ, पोट, शेपूट सगळं अगदी कातडीपर्यंत साफ केलंत. खाली उतरली तेव्हा ती अर्ध्या आकाराची होती. तिनं वळून स्वतःची पाठ बघितली आणि थेट बाजल्याखाली गेली. भाकरी दाखवली तरी बाहेर आली नाही. तुम्ही हसलात. दोन दिवसांनी तिची पाठ उन्हानं लाल झाली आणि तुमचं हसणं थांबलं. मग तुम्ही तुमचं एक बनियन घेतलंत, त्याच कातरीनं कापलंत, दाभणानं चार टाके घातलेत आणि तिला चढवलंत. उन्हाळाभर ती ते घालून गावात हिंडली. चावडीवरची माणसं तुम्हाला सोडत नव्हती. “तात्या, कुत्रीचं लगीन हाय का?” “तात्या, धोतर कवा नेसवतायसा?” तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर द्यायचात, “तुमच्यापरीस बरी दिसती.”

या जातीच्या अंगावर दोन थर असतात. आत दाट मऊ लोकर, वर लांब राठ केस. दोन्ही मिळून थंडीही अडवतात आणि ऊनही. मेंढराची लोकर कातरली की जोमानं वाढते, हिची तशी वाढत नाही. कातडीपर्यंत कातरली तर कधी वर्ष लागतं, कधी काही भाग परत भरतच नाही. तिच्या पाठीवर उजव्या बाजूला माझ्या तळहाताएवढा पट्टा तसाच राहिला आहे. तिथं फक्त कापसासारखी विरळ लव येते. हिला कातरायची नसते, विंचरायची असते. केस थराथरानं उचलून, मुळापासून, आठवड्यातून तीनदा तरी. आई ते रोज करते. फणीत निघालेली आतली लोकर ती टाकत नाही, पिशवीत साठवते. एकदा तिनं ती चातीवर कातूनही बघितली. “मऊ हाय लय,” म्हणाली, “पर धागा धरत न्हाई.”

बाकीची काळजीही आई शिकली, माझ्याकडूनच, पण मला वाटलं नव्हतं इतकी नेटानं. गळपट्टा काढून छातीचा पट्टा घातला, कारण या जातीची श्वासनलिका नाजूक असते. बाजल्यावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत, गुडघ्याची वाटी सरकते. दात लवकर किडतात, म्हणून फडक्यानं पुसायचे. बेदाणा अजिबात द्यायचा नाही, कुत्र्याला तो विषच. आपल्या द्राक्षांच्या भागात हे पाळणं किती अवघड आहे ते तुम्हाला सांगायला नको, शेजारची प्रत्येक बाई मूठ पुढं करते. आईनं सगळं पाळलं. एक सोडून. खोकला सुरू झाला तेव्हा, बदकासारखा, मी तिला श्वासनलिकेचं चित्र काढून दाखवलं. या नळीला कूर्चेच्या कड्या असतात, त्या ढिल्या पडल्या की नळी चपटी होते. “ठिबकची पाइप पायाखाली आल्यावानी,” आई म्हणाली. बरोबर. मी म्हणाले, मग तिला भुंकू द्यायचं नाही. भुंकली की नळी आणखी दबते. दार लावून घे, कुणी आलं की तिला आतल्या खोलीत ने, गप कर.

“बाकी काय सांगशील ते करीन,” आई म्हणाली. “पर मी तिला गप म्हणणार न्हाई.”

तुम्ही गेलात त्या दुपारचं आईनं मला एकदाच सांगितलं आहे, आणि मी तिला पुन्हा विचारलेलं नाही. तुम्ही जेवून घरामागच्या परड्यात जाळीकडं गेला होतात. ऊन होतं. आई घरात ज्वारी निवडत होती. कुत्री भुंकायला लागली. ती कशावरही भुंकायची: पालीवर, पडलेल्या पानावर, वाऱ्यानं हललेल्या फडक्यावर. आईनं आतूनच ओरडून सांगितलं, “गप की गं बये, पाल बघितलीस का?” ती गप झाली नाही. आईनं दुसऱ्यांदा सांगितलं. निवडणं संपवून ती परड्यात आली तेव्हा तुम्ही जाळीपाशी पडला होतात, कुत्री तुमच्या कुशीला टेकून बसली होती आणि घसा बसलेल्या आवाजात अजून भुंकत होती. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. हृदयाचा झटका मोठा होता, डॉक्टर म्हणाले, लगेच नेलं असतं तरी उपयोग झाला नसता. मी डॉक्टरांचा तो कागद पुढं पुष्कळ वेळा वाचला आहे आणि शिकल्यावर माझंही मत तेच झालं. आईला ते मी सांगितलं. तरी त्या दुपारपासून आजवर तिनं त्या कुत्रीला एकदाही गप म्हटलेलं नाही. दूधवाला आला, पोस्टमन आला, पाल आली, ती उठून बघायला जाते.

आता कुत्री बसूनच झोपते. पुढचे पाय फाकवून, मान पुढं काढून, कारण आडवं झालं की श्वास पुरत नाही. डुलकी लागली की तोल जातो आणि ती दचकून जागी होते. मोठ्या शहरात या नळीत जाळीचा आधार बसवतात, पण तिच्या हृदयाला ती भूल झेपणार नाही. मी पुण्यातल्या माझ्या एका सरांना एक्स-रे पाठवला. त्यांचंही म्हणणं तेच आहे. दुसऱ्या कुणाची कुत्री असती तर मी मंगळवारीच सांगून मोकळी झाले असते. असं सांगायची वेळ दवाखान्यात नेहमी येते आणि माझा आवाज तेव्हा बदलत नाही.

आईला मी याच आवाजात सांगितलं. ती कुत्रीला पदराखाली धरून बसली होती.

“त्यांनी असं केलं असतं का?” तिनं विचारलं.

“कुणी?”

“कुणी म्हंजे?”

हे तुम्हीच सांगू शकता. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही काय केलं असतंत हे मी शोधायचा प्रयत्न केला. मला दोन दिवस आठवतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिला कोरेगावच्या कालव्यावरचा. एक मेंढी कालव्याच्या दगडांवरून घसरली, मागचा पाय मांडीतून मोडला. हाड बाहेर आलं होतं. तुम्ही पाय बघितलात, तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवलात आणि मला म्हणालात, तिकडं तोंड कर. मी केलं. आवाज फार झाला नाही. तुम्ही हात धुताना म्हणालात, “मागं ठिवली असती तर लांडग्यानं जित्ती फाडली असती. आपल्या हातानं केल्यालं बरं.” रात्री तळावर सगळे जेवले, तुम्ही जेवला नाहीत.

दुसरा दिवस म्हणजे मी प्रत्यक्ष पाहिलेलाही नाही, पण घरात तो इतक्या वेळा सांगितला गेला की पाहिल्यासारखा आहे. तळावरचा थोरला कुत्रा थकला. पुढचे काही मुक्काम तुम्ही त्याला घोड्यावर भांड्यांच्या आणि कोंबड्यांच्या वर बांधून नेलंत. मग त्याला तेही सोसेना. तुम्ही मेंढरं काकांच्या हवाली केलीत आणि एका बाभळीखाली त्याच्याजवळ राहिलात. काका चिडले. “एका कुत्र्यापायी कळप सोडतुयास? घाल की डोसक्यात दगुड, सुटंल बिचारं.” तुम्ही त्यांना म्हणालात, “मेंढरू आपुन राखतो. कुत्रं आपल्याला राखतंय. त्याला आपुन सोडवायचं नसतंय, ते आपल्या मनानं जातंय. आपुन नुसतं बसायचं.” तुम्ही चार दिवसांनी एकटे येऊन मिळालात. काका अजून हे सांगतात, आणि अजून तितकेच चिडून.

म्हणजे तुमचा नियम पक्का होता. मेंढरू असेल तर आपल्या हातानं, लवकर. कुत्रं असेल तर बसून राहायचं. मी नियमावर चालणारी बाई आहे, मला एवढं पुरे झालं असतं. अडचण अशी आहे की ही कशात मोडते ते तुम्ही सांगून गेला नाहीत. तुम्ही तिला कोकरांत वाढवलंत. तिला मेंढरांबरोबर कातरलंत. तिला कधी राखणीला बसवलं नाहीत. त्यावरून ती मेंढरू. आई म्हणते, “आणि त्या दिवशी परड्यात कोण राखत हुतं मग?”

रविवारी आई बिरोबाच्या देवळात जाणार आहे. पुजारी देवाला दोन्ही बाजूंना एकेक ओलं फूल लावेल. उजवीकडचं आधी पडलं तर सोडवायचं, डावीकडचं पडलं तर नाही. कौल कुठलाही मिळाला तरी तो पाळायचा असं आमचं ठरलं आहे, आणि सोडवायचं ठरलं तर ते मी करायचं, आपल्या परड्यात. “परक्याचा हात नगं,” आई म्हणाली. फूल कुठल्या बाजूचं आधी पडेल हे ओलाव्यावर आणि देठावर ठरतं, हे मी तिला म्हणाले नाही. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की तिलाही ते माहीत आहे, आणि कुणीतरी दुसऱ्यानं ठरवावं एवढंच तिला हवं आहे. काल फोनवर मागं कुत्री खोकत होती. खोकला बराच वेळ थांबला नाही, आणि आम्ही दोघी फोन कानाला लावून तो संपायची वाट बघत राहिलो.

हे पत्र टाकायला जागा नाही, हे मला कळतं. मी ते दवाखान्याच्या टेबलावर लिहिते आहे आणि इथंच ठेवीन. तरी लिहायला बसले, कारण एक गोष्ट मी आईला, सरांना, कुणालाच सांगू शकत नाही. एक्स-रे बघून मी जे मत दिलं ते बरोबर आहे. दुसऱ्या कुणीही तेच दिलं असतं. पण त्या दुपारी तुमच्याजवळ ती होती आणि मी नव्हते. मला तिचा हेवा वाटतो, अकरा वर्षं वाटत आला आहे. मी तिला औषधं दिली, विंचरली, रात्री-अपरात्री तपासली, आणि तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं की दर वेळी मला वाटलं, हिनं तुमचा शेवटचा श्वास ऐकला आहे. तेव्हा सोडवायचं म्हणताना माझा हात किती स्वच्छ आहे, याची मला खात्री नाही. म्हणून विचारते.

मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं सांगलीहून निघणार आहे. तिला तुम्ही कशात धरत होता, ते शनिवारपर्यंत कळवा.